टाइल अ‍ॅडेसिव्ह आणि ग्राउट: कुठलं घ्यायचं, कसं वापरायचं आणि काम नेमकं बिघडतं कुठे

टाइलचा रंग, फिनिश, साइज ठरवण्यात लोक महिनाभर घालवतात आणि ती चिकटवायची कशाने हा प्रश्न मात्र मिस्त्री कामावर आला की मग निघतो, तोही "किती बॅगा मागवू" एवढाच. खरं म्हणजे अ‍ॅडेसिव्ह टाइलची पुढची बाजू बघून ठरतच नाही, मागची बाजू आणि ती जिथे बसणार ती जागा या दोन गोष्टींवर सगळा हिशेब असतो. ब्रँड त्यानंतर. एकाच चांगल्या कंपनीचं महागडं अ‍ॅडेसिव्ह वापरून एका बाथरूमची टाइल दहा वर्षं हलत नाही आणि दुसऱ्याची दोन वर्षांत पोकळ वाजायला लागते, फरक असतो तो पाण्याच्या मापात, माल पसरायच्या दातेरी थापीच्या दातात आणि खाली काय होतं त्यात.

आधी टाइल उलटी करा

बॉक्समधून एक टाइल काढा, उलटी ठेवा आणि मागे पाण्याचे चार थेंब टाका. थेंब बघता बघता शोषले गेले तर ती साधी सिरॅमिक वॉल टाइल, असल्या टाइलचं पाणी शोषण्याचं प्रमाण बहुतेक वेळा वजनाच्या १० टक्क्यांच्या वर असतं. थेंब तसाच्या तसा उभा राहिला तर ती व्हिट्रिफाइड, तिचं प्रमाण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी. हा आकडा नुसता माहितीसाठी नाही, सगळी निवड इथूनच फिरते. सिमेंट टाइलला धरतं ते मागच्या बारीक छिद्रांमध्ये शिरून, आत त्याचे स्फटिक वाढतात आणि पकड बसते. व्हिट्रिफाइडला छिद्रंच नाहीत म्हटल्यावर साध्या सिमेंटच्या स्लरीला धरायला काही नाही, त्यामुळे सुरुवातीला घट्ट वाटते आणि नंतर ऊन-थंडीने थोडी हालचाल झाली की अख्खी टाइल स्वच्छ पाठीने सुटून हातात येते, मागे सिमेंटचा कणसुद्धा नसतो. म्हणून अशा टाइलला पॉलिमर घातलेलं अ‍ॅडेसिव्ह लागतं, त्यातला पॉलिमर छिद्र नसलं तरी चिकटतो आणि थोडा लवचिकही राहतो.

अजून एक गोष्ट मागे बघाच. बोट फिरवलं की पांढरी पूड लागते का? टाइल भट्टीतल्या रोलरला चिकटू नये म्हणून मागे एक लेप देतात, त्याची ती पूड. ती तशीच ठेवली तर अ‍ॅडेसिव्ह पुडीला चिकटतं, टाइलला नाही. ओला स्पंज पिळून एकदा पुसलं की काम झालं, पण हे करताना फार कमी लोक दिसतात.

आणि टाइल पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत सिमेंट-वाळूच्या मालासाठी होती, तिथे कोरडी टाइल मालातलं पाणी ओढून घ्यायची म्हणून. अ‍ॅडेसिव्हमध्ये पाणी धरून ठेवणारा घटक आधीच असतो, त्यामुळे टाइल बुडवायची नाही, उलट पाठीवर पाण्याचा थर राहिला तर पकड बिघडते.

मग खालची जागा

टाइल फक्त अ‍ॅडेसिव्हला चिकटते आणि अ‍ॅडेसिव्ह फक्त वरच्या थराला, त्यामुळे तो थरच कच्चा असेल तर भारीतलं अ‍ॅडेसिव्ह घेऊन उपयोग नाही. रंगावर टाइल लावली तर ती रंगाला चिकटेल, आणि रंग भिंतीला जेवढा धरून असेल तेवढीच टाइल टिकेल, म्हणजे फार नाही. रंग, पुट्टी, तेलकट डाग, सुटं प्लास्टर, सगळं खरवडून काढा.

नवीन काँक्रीट किंवा कोबा असेल तर निदान २८ दिवस आणि प्लास्टर असेल तर निदान दोन आठवडे जाऊ द्या, कारण सिमेंट वाळताना आकसतं आणि ते आकसणं टाइल लावल्यावर झालं तर ताण अ‍ॅडेसिव्हवर येतो. सपाटी बघायला २ मीटरची सरळ पट्टी लावा, तिच्याखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसायला नको, मोठ्या टाइलला तर नकोच नको. खड्डे असतील तर आदल्या दिवशी भरून घ्या. अ‍ॅडेसिव्हचा जाड थर टाकून लेव्हल काढायची हा सर्रास चालणारा प्रकार आहे आणि तो चुकीचा आहे, कारण जाड थर वाळताना जास्त बसतो आणि सकाळी बरोबर असलेली टाइल दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात खाली गेलेली दिसते.

जिप्सम प्लास्टर किंवा पीओपीवर लावायची असेल तर थांबा. जिप्सममधलं सल्फेट आणि सिमेंट ओलाव्यात एकत्र आले की सुईसारखे फुगणारे स्फटिक तयार होतात आणि अ‍ॅडेसिव्हचा थर अख्खा ढकलला जातो. म्हणून मध्ये प्रायमर पाहिजेच. शिवाय जिप्सम प्लास्टरने साधारण २० किलो प्रति चौरस मीटर एवढंच वजन पेलावं असं धरतात आणि १० मिमी जाडीची व्हिट्रिफाइड टाइल एकटीच त्याच्या वर जाते, त्यामुळे तिथे हलकी सिरॅमिक लावा किंवा जिप्सम काढून सिमेंट प्लास्टर करा. ओल्या जागेत जिप्सम नकोच.

बाथरूम, बाल्कनी, गच्ची इथे एक गैरसमज आधी काढून टाकू: टाइल आणि ग्राउट (टाइलांमधल्या फटीत भरायचा माल) म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही. इपॉक्सी म्हणजे रेझिनचं ग्राउट भरलं तरी नाही. वॉटरप्रूफिंगचा कोट खाली वेगळा करायचा, कोपरे आणि पाइपच्या भोवती नीट टेप लावून, मग ट्रॅप (पाणी जायचं तोंड) बंद करून २४ तास पाणी साठवून ठेवायचं, खालच्या बाजूला ओल आली नाही हे बघायचं आणि त्यानंतरच टाइलला हात घालायचा.

बॅगेवरची अक्षरं

दुकानात "फ्लोअरचं", "वॉलचं", "हेवी ड्युटी" असले शब्द ऐकू येतात, त्यापेक्षा बॅगेवरचा कोड वाचा. आयएसओ १३००७ या मानकात सी म्हणजे सिमेंटचं, डी म्हणजे डब्यातलं तयार पेस्ट, आर म्हणजे रासायनिक क्रियेने कडक होणाऱ्या रेझिनचं (इपॉक्सी, पॉलियुरेथेन). सी च्या पुढचा १ म्हणजे साधी पकड, निदान ०.५ न्यूटन प्रति चौरस मिमी, आणि २ म्हणजे त्याच्या दुप्पट, १ न्यूटन. पुढे टी असेल तर भिंतीवर टाइल घसरत नाही, ई असेल तर अ‍ॅडेसिव्ह पसरल्यावर निदान अर्धा तास चिकट राहतं (साध्याला २० मिनिटं), एफ म्हणजे लवकर सेट होणारं, आणि एस१, एस२ म्हणजे लवचिक, एस२ जास्त.

आता निवड. कोरड्या खोलीतल्या भिंतीला छोटी सिरॅमिक असेल तर सी१टी पुरे, उगाच पैसे घालू नका. व्हिट्रिफाइड कुठेही लावा, सी२ च्या खाली उतरायचं नाही, भिंतीला आणि मोठ्या साइजला सी२टीई. जुन्या टाइलवर नवी टाइल, गच्ची, उन्हातली बाल्कनी, बाहेरची भिंत, फ्लोअर हीटिंग, १२०० मिमीच्या पुढच्या स्लॅब, इथे सी२टीई एस१ घ्या. प्लायवूड किंवा पत्र्यावर एस२ नाही तर रेझिनचं. डब्यातली तयार पेस्ट सोयीची दिसते पण ती फक्त आतल्या कोरड्या भिंतीवर आणि पाणी शोषणाऱ्या टाइलला, कारण ती वाळायला तिच्यातलं पाणी कुठेतरी जावं लागतं, व्हिट्रिफाइडच्या मागे ती आठवड्यांनीही ओलीच सापडते.

संगमरवराला पांढरं अ‍ॅडेसिव्ह, राखाडी घेतलंत तर हलक्या रंगाच्या दगडावर छाया उठते आणि ती जात नाही. हिरवा मार्बल तर पाणी लागलं की वाकतो, त्याला सिमेंटचं चालतच नाही, रेझिनचंच लागतं. काचेच्या मोझॅकलाही पांढरंच, आणि काचेसाठी चालतं असं बॅगेवर लिहिलेलं बघून.

किती लागेल? १ मिमी जाडीला एका चौरस मीटरमागे साधारण १.३ ते १.५ किलो धरा. ३ मिमीचा थर म्हणजे ४ ते ४.५ किलो, म्हणजे २० किलोची बॅग साडेचार-पाच चौरस मीटरला जाते. ह्याच्या दुप्पट एरियात बॅग पुरवून दाखवणारा मिस्त्री भेटला तर खूश होऊ नका, तो मध्ये पोकळी सोडतोय.

माल कालवणं

आधी बादलीत मोजलेलं पाणी, मग पावडर. उलटं केलं की तळाला कोरड्या गुठळ्या राहतात. २० किलोला पाणी बहुतेक वेळा ५ लिटरच्या आसपास असतं पण नेमका आकडा बॅगेवर असतो तोच घ्या, आणि घ्या म्हणजे मोजून घ्या, मग्गा-दोन मग्गे अंदाजाने ओतणं म्हणजे पकड पातळ करणं. ड्रिलला पॅडल लावून कमी स्पीडवर फिरवा, जोरात फिरवलं की मालात हवा भरते. गुठळ्या गेल्या की ५ ते १० मिनिटं तसंच सोडून द्या, यात पॉलिमर आणि बाकीचे घटक पाण्यात विरघळतात, मग परत एकदा फिरवा, आता बघा तोच माल मऊसूत होतो. थापीवर घेऊन थापी उभी धरली तर दाते तसेच राहायला हवेत, ओघळले तर पाणी जास्त झालं.

पुढे तासाभराने माल घट्ट व्हायला लागला तर पाणी घालून परत कालवायचा मोह होतो. नाही. फेकून द्या. सेट व्हायला सुरुवात झालेल्या मालात घातलेलं पाणी फक्त तो मऊ दिसायला मदत करतं, ताकद गेलेली असते. म्हणून एका वेळी थोडाच माल करा. हातमोजे घाला, ओलं सिमेंट कातडी जाळतं, आणि पावडर ओतताना मास्क लावा.

लावणं: दाते, दिशा आणि दाब

सगळ्यात जास्त काम इथेच बिघडतं म्हणून जरा नीट सांगतो. टाइलच्या मागे चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे मालाचे पाच गोळे ठेवून टाइल दाबून बसवायची, ही पद्धत बंद करा. गोळ्यांच्या मध्ये पोकळी राहते, वर जड वस्तू पडली की टाइल तिथेच फुटते, आणि ओल्या जागेत त्या पोकळीत पाणी साठून ग्राउटमधून पांढरा लोणा वर येत राहतो, कितीही पुसा.

त्याऐवजी असं करा. आधी थापीच्या सपाट बाजूने अ‍ॅडेसिव्हचा पातळ थर जमिनीवर किंवा भिंतीवर घासून दाबून लावा. मग त्यावर अजून माल घेऊन दातेरी बाजूने साधारण ४५ ते ६० अंशात ओढा, सगळ्या रेषा सरळ आणि एकाच दिशेत, टाइलच्या आखूड बाजूला समांतर. गोल गोल फिरवलेल्या रेषा छान दिसतात पण त्यात हवा अडकते, सरळ रेषांतून ती बाहेर पडते. मोझॅकला ३-४ मिमी दाते, ३०० मिमीपर्यंतच्या टाइलला ६, ६०० ला ८ ते १०, त्याच्या वर १० ते १२. ६०० आणि त्यापुढच्या टाइलच्या मागेही सपाट थापीने पातळ थर लावून घ्या.

टाइल ठेवा आणि नुसती खाली दाबू नका, रेषांना आडवी मागे-पुढे थोडी सरकवत दाबा, म्हणजे उभ्या रेषा एकमेकींवर कोसळतात आणि मधली पोकळी भरते. रबरी हातोड्याने हलके ठोके. ठोकून लेव्हल आणायची असते, पोकळी भरायची नसते.

मग जे कुणाला जिवावर येतं ते करा: नुकतीच बसवलेली एक टाइल उचकटून काढा आणि मागे बघा. कोरड्या जागेत निदान ८० टक्के आणि बाथरूम, बाल्कनी, बाहेर निदान ९५ टक्के पाठ मालाने भरलेली पाहिजे, कोपऱ्यांसकट. रेषा तशाच्या तशा छापलेल्या दिसल्या आणि मध्ये कोरडे पट्टे असले तर मोठ्या दात्याची थापी घ्या. हे कामाच्या सुरुवातीला, आणि नंतर अधूनमधून करत राहा.

एका वेळी पाच-सहा टाइलपुरताच माल पसरा. पंखा सुरू असेल, ऊन असेल, वारा असेल तर बॅगेवरचे २० मिनिटं प्रत्यक्षात १० सुद्धा होत नाहीत. खात्री करायची सोपी युक्ती: रेषेला बोट लावा. माल बोटाला लागला तर ठीक, बोट स्वच्छ राहिलं तर वर साय धरलीय, खरवडून नवीन टाका, त्यावर पाणी शिंपडून चालत नाही.

फट सोडा. "झिरो जॉइंट" मागणारे खूप भेटतात पण टाइल साइजला थोडी इकडे-तिकडे असतेच आणि तापली की वाढते, जागा नसली की दोन टाइल एकमेकींना रेटतात आणि उन्हाळ्यात मधली रांग तंबूसारखी वर उठते. आत २ ते ३ मिमी, बाहेर ५. भिंतीच्या कडेला चहूबाजूंनी ६-८ मिमी मोकळं सोडा, स्कर्टिंगखाली झाकलं जातं. मोठा हॉल असेल तर आत ६-७ मीटरवर आणि उघड्या गच्चीत ३ मीटरच्या आसपास हालचालीचा सांधा (टाइलला फुगायला-आकसायला सोडलेली फट) घ्या, तो ग्राउटने नाही, लवचिक राहणाऱ्या सीलंटने भरायचा. आणि लाकडी पट्ट्यांसारख्या लांब टाइल अर्ध्यावर अर्धी अशा विटांच्या पॅटर्नमध्ये लावू नका, त्या मध्ये किंचित फुगीर असतात, एकीचा मध्य दुसरीच्या टोकाशी आला की ठेच लागते. एक-तृतीयांशाचा सरकाव ठेवा.

माल ओला असतानाच फटींतून वर आलेलं अ‍ॅडेसिव्ह काढून टाका, फटीची निदान दोन-तृतीयांश खोली ग्राउटसाठी रिकामी हवी. वाळल्यावर काढायला बसलात तर टाइलच्या कडा जातात.

ग्राउट

साध्या अ‍ॅडेसिव्हवर २४ तास थांबून ग्राउट, भिंतीला थोडं लवकर चालतं पण घाई नसेल तर करू नका. मोठ्या व्हिट्रिफाइडखाली ओलावा फक्त फटीतूनच बाहेर जातो, तीच बंद केली तर रंग डागाळतो.

सिमेंटच्या ग्राउटमध्ये ३ मिमीपर्यंतच्या फटीला बिनवाळूचं, त्याच्या वर वाळूचं. बिनवाळूचं रुंद फटीत भरलं की वाळून तडकतं, आणि वाळूचं पॉलिश मार्बलवर घासलं की चरे पडतात. कोडमध्ये सीजी म्हणजे सिमेंटचं ग्राउट, सीजी२ च्या पुढे डब्ल्यू असेल तर पाणी कमी शोषतं, आरजी म्हणजे इपॉक्सीसारखं रेझिनचं. माझं मत विचाराल तर झोपायच्या खोलीत, हॉलमध्ये सिमेंटचं चांगलं ग्राउट पुरतं, किचनचा ओटा, शॉवरची जागा, बाथरूमची जमीन, टाकी इथे इपॉक्सी. उन्हात मात्र इपॉक्सी पिवळं पडतं, बाहेर पांढऱ्या-क्रीम शेडमध्ये ते घेऊ नका.

हिशेबासाठी: टाइलची (लांबी अधिक रुंदी) भागिले (लांबी गुणिले रुंदी), गुणिले जाडी, गुणिले फट, गुणिले १.६, सगळं मिमीमध्ये, उत्तर किलो प्रति चौरस मीटर. ६०० बाय ६०० ची १० मिमी टाइल, ३ मिमी फट, उत्तर ०.१६ किलो. तेच २० बाय २० चं ४ मिमी मोझॅक, २ मिमी फट, उत्तर १.२८ किलो. आठपट! मोझॅकवाले नेहमी इथे फसतात.

सिमेंटचं ग्राउट कालवायची रीत अ‍ॅडेसिव्हसारखीच, मोजलेलं पाणी, थांबणं, परत फिरवणं. रबरी फ्लोटने (सपाट रबरी थापीने) फटीला तिरकं, दाबून भरा आणि जादाचं फ्लोट जवळजवळ उभा धरून काढा. मग लगेच पुसू नका. अंगठ्याने दाबून बघा, ठसा उमटला नाही की (साधारण १५ ते ३० मिनिटं) स्पंज घट्ट पिळून तिरका फिरवा. स्पंजातून पाणी ठिबकत असेल तर रंग धुवून जातो, आणि एकाच फरशीवर ग्राउट कुठे गडद कुठे फिकट दिसतं त्याचं कारण दहापैकी नऊ वेळा हेच पाणी. वर राहिलेली धुरकट साय दोन-तीन तासांनी कोरड्या कपड्याने. अ‍ॅसिड नको, ते साय काढतं तसं ग्राउटही खातं आणि मार्बलचं पॉलिश घालवतं.

इपॉक्सी वेगळा प्राणी आहे. आधी रेझिन आणि हार्डनर पूर्ण एकजीव, मग फिलर पावडर. पॅक अंदाजाने अर्धा करू नका, प्रमाण चुकलं तर ते कधी कडकच होत नाही. कालवलेला गोळा डब्यात ठेवला की आतल्या आत तापून लवकर घट्ट होतो, म्हणून तो लगेच टाइलवर पसरून टाका. वेळ साधारण ३० ते ४५ मिनिटं, गरमीत त्याहून कमी, त्यामुळे दोन माणसं हवीत, एक भरायला आणि एक मागोमाग ओल्या स्क्रबरने गोल घासत सोडवायला आणि स्पंजने पुसायला. दुसऱ्या दिवशी दिसलेला चिकट थर स्पेशल क्लीनरशिवाय निघत नाही. अंगाला लागू देऊ नका, इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा लागली की कायमची. रफ फिनिशच्या टाइलवर आधी एका तुकड्यावर डाग धरतो का ते बघा.

भिंत आणि जमीन भेटते तो कोपरा, दोन भिंतींचा कोपरा, बेसिन आणि कमोडच्या कडा, इथे ग्राउट नाही, सिलिकॉन. ग्राउट तिथे तडकणारच. मार्बलला न्यूट्रल सिलिकॉन, आंबट वास येणारं दगडावर डाग पाडतं.

चालायला २४ तास, जड सामान आणि शॉवर निदान आठवड्याने.

नंतर पोकळ वाजली तर

नाणं किंवा काठीने सगळीकडे ठोकून ऐका. एका टाइलचा मधला छोटा भाग डब्ब वाजतोय, हलत नाही, ग्राउट शाबूत आहे, तर राहू द्या. कोपरा वाजत असेल आणि जागा दाराजवळची असेल तर तो फुटेल. इंजेक्शनने इपॉक्सी भरून काम भागतं असं सांगतात, एखाद्या टाइलला भागतंही, पण रांगच्या रांग वाजत असेल तर गडबड टाइलखाली नाही, फट नसण्यात किंवा कोब्यात आहे. टाइल काढताना आधी चारही बाजूंचं ग्राउट कापा, मध्यावर फोडा आणि आतून बाहेर काढत या, कडेने उचकटलं तर शेजारणीचा कोपरा जातो. खालचं जुनं अ‍ॅडेसिव्ह पूर्ण खरवडा, त्यावर नवीन थर चढवला की टाइल वर येते. आणि यासाठीच कामाच्या वेळी उरलेल्या चार-पाच टाइल, टाइलचा बॅच नंबर आणि ग्राउटचा शेड नंबर जपून ठेवा, दुसऱ्या बॅचची तीच टाइल शेजारी लावली की रंगातला फरक लांबूनही कळतो.